हाकेच्या अंतरावरची भट्टी

इनासच्या ओट्यावर एक लोखंडी ट्रंक असायची. काळी, कोपऱ्यांना पोचे आलेली, आणि झाकणावर पांढऱ्या रंगात कुठल्याशा बोटीचं नाव. त्यातली निम्मी अक्षरं उडालेली होती. वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून रुजू झाले आणि इनासच्या घराला लागून असलेली पडवीची खोली भाड्याने घेतली. त्या पहिल्या संध्याकाळी मला बसायला म्हणून त्याने तीच ट्रंक पुढे सरकवली.

"भरलेली हाय," तो म्हणाला. "उद्या आय उठली का परवा मी बोटीवर."

मला वाटलं, आई तापाने पडली असेल, चार दिवसांत उठेल, आणि मग हा गृहस्थ जाईल. मी तर मनात म्हटलं, बरं झालं, शेजार शांत होईल. पण आईला पडून तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. पुढे पाच वर्षं मी हे वाक्य ऐकत राहिले. कधी बाजारात, कधी देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, पायऱ्यांवर, कधी माझ्या खोलीची कौलं शाकारताना छपरावरून. विचारणारा कोणी असो, उत्तर ठरलेलं, आणि उत्तर देण्याआधी दोन्ही तळवे कमरेला पुसून घ्यायची सवयही ठरलेली. जणू हाताला पीठ लागलंय.

इनास बोटीवर पाव भाजायचा. कोळ्यांच्या होड्या नव्हेत, चांगली तीन मजली आगबोट. तिच्या पोटात भट्टी होती आणि तिच्यातून रोज शेकड्यांनी पाव निघत. बापासारखं जाळं खांद्यावर न घेता वयाच्या सोळाव्या वर्षी तो मुंबईच्या गोदीत गेला आणि तिथून बोटीवर. लढाईत त्याची बोट बुडाली. त्याला कुणीतरी पाण्यातून उचललं आणि काही महिन्यांनी रजा देऊन घरी धाडलं. इतकं मला गावाकडून कळलं. त्याच्याकडून मला फक्त पाव कळला. साहेबाला वरची कड लाल लागते, खलाशाला आतला मऊ भाग लागतो, आणि कप्तानाला दोन्ही लागतं, असं तो सांगायचा. बोट कशी बुडाली हे विचारलं की तो पिठाबद्दल बोलायला लागायचा. मी दोनदा विचारलं. मग सोडून दिलं.

त्याची आई कातरिनआय. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की तीस वर्षं वसईच्या बाजारात मासळी विकलेल्या बाईलाच शोभावा. ती माजघरातल्या बाजेवर पडून असायची. कमरेखाली पाय नाहीतच, असं ती म्हणायची. डॉक्टरने येऊन टाचणी टोचून पाहिली होती आणि मान हलवून गेला होता. रोज सकाळी इनास तिला दोन्ही हातांवर उचलून घरामागच्या परड्यात न्हाणीवर नेई, पुन्हा आणून ठेवी. ती त्याच्या मानेभोवती हात टाकून वाटेत सगळ्या शेजारणींना तपासून घेई. कुणाचं अंगण झाडलेलं नाही, कुणाच्या घरी कालची सुकट अजून वाळत पडली आहे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं.

आणि दिवसभर तिची हाक. "इनाऽऽस!"

"हाय गं आय."

बस, एवढंच. काम काही नसायचं. तो आहे की नाही इतकंच पाहायचं असायचं. तासाला चार-पाचदा. मी वह्या तपासताना मोजायला लागले होते, मग मोजणं सोडलं, कारण मोजलं की जास्त ऐकू येई. मुलगा बाजारात गेला आणि वेळ झाला की हाकेचा सूर चढत जायचा. मग आसपासची माणसंच "येतो गं, येतो" म्हणून तिला गप्प करत. इनास चुन्याच्या गोणी वाहायचा, कुणाची भिंत लिंपायचा, कुणाच्या लग्नात जेवण रांधायचा. पण काम हाकेच्या बाहेरचं असलं की नको म्हणायचा. पापडी गावच्या एका बेकरीवाल्याने त्याला कायमचं बोलावलं होतं. तिथून हाक ऐकू येत नाही, म्हणून तो गेला नाही. बोटीवर सातासमुद्रांचं पाणी पाहिलेला माणूस, आणि आता त्याचं सगळं जग एका म्हातारीच्या घशाएवढं. मला त्याची कीव यायची. खरं सांगायचं तर मला तिचा राग यायचा.

पावाच्या भट्टीची कल्पना त्यातून आली. एक दिवस मी शाळेतून आले तर परड्यात हा चुन्याची पिशवी घेऊन उभा.

"बाय, जरा हितं उभ्या राव्हा. आन आय हाक मारल ती ऐकू आली का सांगा."

मी उभी राहिले. माजघरातून हाक आली. आली ऐकू. मग तो मला दहा-दहा पावलं मागे नेत गेला, पुन्हा हाक. वारा दर्यावरून होता. माडाच्या झावळ्या इतक्या वाजत होत्या की बावखलाच्या, परड्यामागच्या तळ्याच्या, काठाशी पोचले तेव्हा मला नुसतंच "...नाऽऽस" ऐकू आलं. तिथून चार पावलं पुढे येऊन त्याने जमिनीवर चुन्याचा गोल काढला.

"हितं भट्टी," तो म्हणाला.

लोक भट्टी बांधताना वारा बघतात, धूर कुठे जाईल ते बघतात. याने आईचा आवाज बघितला. धूर पुढे मी तिथे असेपर्यंत माझ्या खोलीत आला.

विटा कामणच्या वीटभट्टीवरून बैलगाडीने आल्या, त्याही टाकलेल्या, वाकड्या, जास्त भाजलेल्या. त्याला तशाच हव्या होत्या. सिमेंटला परमिट लागायचं, ते कोण देणार? त्याने चिकणमाती, भाताचं तूस आणि गुळाचं पाणी एकत्र करून आठ दिवस पायाने मळलं. खालचा ओटा दगडाचा. त्यावर फुटक्या सोडाबाटल्यांचा चुरा, वर मिठागरावरचं जाडं मीठ बोटभर, आणि त्यावर फरशीच्या विटा. काच आणि मीठ उष्णता धरून ठेवतात, एकदा तापलं की सोडत नाहीत, असं तो म्हणे. मीठ ओतताना गावच्या बायका हळहळल्या. मीठ पायाखाली घालणं त्यांना बघवेना. एकीने जाऊन कातरिनआयला सांगितलं.

"घालूं दे," आतून आवाज आला. "त्याचा हात कामात हाय ना? मंग घालूं दे."

घुमटासाठी त्याने किनाऱ्यावरची ओली वाळू आणून ओट्यावर ढीग रचला, हाताने थापून गोल केला आणि त्या ढिगावर विटा चढवत गेला. वर शेवटची वीट बसवली तेव्हा सगळं बंदर बघायला आलं होतं. इनासने त्या विटेला पोराचा घ्यावा तसा मुका घेतला. मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून मी ते आवरलं.

चूक झाली होती ती तोंडात. भट्टीचं तोंड त्याने बोटीवरच्या पावाच्या पत्र्याच्या मापाने ठेवलं होतं. ते माप त्याच्या हातात इतकं बसलेलं की पट्टी, दोरी काही लावलं नाही. बोटीवरची भट्टी लोखंडाची, तयार आलेली. तिच्यात माणसाला शिरायचं काम कधी पडलंच नव्हतं. इथे मात्र आतली वाळू उकरून काढायची होती, आणि आतून सांधे लिंपायचे होते.

तोंडाजवळची वाळू फावड्याने निघाली. मागची निघेना. मग एका शनिवारी, माझी सकाळची शाळा होती तेव्हा, तो हात पुढे करून डोक्याने आत शिरला. वाळूवर अंग घसरत गेलं असणार. आत वळून त्याने मागची वाळू हातांनी तोंडाकडे लोटली, बाहेर ढकलली, सांधे लिंपले. मग बाहेर यायला निघाला. खालची वाळू गेलेली, अंग घामाने फुगलेलं. डोकं आणि एक हात बाहेर येई, खांदे येईनात.

मी शाळेतून परतले ती दुपारी बाराच्या सुमारास. गल्लीच्या तोंडाशीच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. हाक येत नव्हती. गावातून येणारी गाढवंही जणू त्या हाकेच्या तालावर चालत, असा तो रोजचा आवाज, आणि आज नाही. मी परड्याचं झावळ्यांचं झापडं लोटलं.

भट्टीजवळ कातरिनआय उभी होती.

आपल्या पायांवर. काठी नाही, भिंत नाही. नऊवारी लुगडं ओचे खोचून, एक हात घुमटावर आणि दुसऱ्या हातात घरातलं मुसळ. तिने ते मुसळ भट्टीच्या तोंडावरच्या विटेवर मारायला उचललेलं होतं. झापडं वाजलं तशी तिने मान वळवली.

मग तिने ओठांवर बोट ठेवलं. झरझर माझ्याकडे आली, मुसळ माझ्या हातात दिलं, भट्टीकडे हात दाखवला, आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत गेली. चाल चांगली होती. बाजारातल्या बाईची, पाठ ताठ ठेवून चालायची चाल. क्षणभराने माजघरातून हाक सुरू झाली. "इनाऽऽस! अरे कुठं मेलास रे! कुनी बगा रे माज्या पोराला!"

मी भट्टीशी वाकले. आत इनास होता. डोकं आता आत घेतलेलं, गाल विटांवर टेकलेला, डोळे उघडे. मला वाटलं गेला. मग पापणी हलली. तो ओरडत नव्हता, धडपडत नव्हता. नुसते दात वाजत होते, भर दुपारी. मी कितीतरी वर्षं मुलांच्या हातावर छड्या मारल्या आहेत, पण मुसळ मी आयुष्यात तेवढं एकदाच चालवलं. कडेच्या दोन विटा ढिल्या झाल्या, तिसरी फुटली. माती अजून ओली होती हे नशीब. मी त्याच्या काखेत हात घालून ओढलं आणि तो माझ्या अंगावर येऊन पडला. बराच वेळ तो जमिनीवर पालथा पडून मुठीत वाळू धरत होता, सोडत होता.

मग उठला, तळवे कमरेला पुसले आणि आत गेला. मी मागोमाग दारापर्यंत गेले. कातरिनआय बाजेवर चादर ओढून आडवी.

"हाय गं आय. भट्टीत अडकलो होतो."

"कवापासून हाका मारते मी," ती म्हणाली. "पाय असते तं आली असती रे पोरा."

त्याने तिच्या चादरीची घडी नीट केली आणि पायांवर पांघरूण ओढलं.

दुसऱ्या दिवशी तो तोंड मोठं करून बांधत होता. मी विटा हाताशी देत होते. मान वर न करता त्याने विचारलं, "बाय, मुसळ कोनी आनलं?"

"मी."

"मुसळ आमच्या चुलीमागं आसते. तुमी आमच्या चुलीकडं कदी गेल्याव?"

सोवळं-ओवळं मी मानत नव्हते, पण त्यांच्या चुलीपाशी मी कधी गेले नव्हते हे खरं होतं. त्याने मातीचा गोळा विटेवर थापला, करणीने कड साफ केली.

"आतून फकस्त पाय दिसत होते," तो हळू म्हणाला. "डाव्या पायाची करंगळी वाकडी." आणि मग नेहमीच्या आवाजात, "बरं, मंग तुमीच आनलं मुसळ. तुमी काय पायलं नाय, मी पन काय पायलं नाय."

त्या दिवसापासून मी अडकले. आई मला डोळ्यांनी दटावायची, मुलगा मला डोळ्यांनी विनवायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला पूर्वीसारखाच दोन्ही हातांवर उचलून न्हाणीवर नेताना मला दिसला. तिने त्याच्या मानेभोवती हात टाकलेले. मी खिडकी लावून घेतली. कधी सुट्टीच्या दिवशी, तो बाजारात गेलेला असताना, माजघरात भांडी सरकल्याचा आवाज यायचा. तोवर मी त्याला मांजर समजत होते.

आता तरी हा जाईल, असं मला वाटलं होतं. आणि जायची संधीही चालून आली. त्याच्या जुन्या बोटीवरच्या मुख्य आचाऱ्याचं पत्र आलं. इनासला वाचता येत नसे. मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं, कारण मोठ्याने वाच, असं आतून फर्मान आलं होतं. नवी बोट, पाववाल्याची जागा रिकामी, महिन्याच्या आत गोदीत ये, तुझ्यासारखा हात मिळत नाही. पत्र संपलं. इनासने तळवे पुसले, पुन्हा पुसले.

"जा रे तू," आतून आवाज आला. "मी ऱ्हाईन पडून. देव हाय."

"कसा जाऊ आय? तुजे पाय..."

"माजे पाय, खरं."

"पाय बरे असते तं उद्याच गेलो असतो."

"ठाऊक हाय मला. गेलाच असता."

दोघंही खोटं बोलत होती, आणि मुलाचं खोटं आईला ठाऊक नव्हतं, आईचं मुलाला ठाऊक होतं, आणि मला दोघांचं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी शांतपणे दौत-टाक आणला आणि त्याने सांगितलं तसं लिहिलं. आई अंथरुणाला खिळली आहे, ती उठली की येतो. त्याने खाली अंगठा उठवला. हा माणूस एका म्हातारीच्या हट्टापायी आपला जन्म जाळतो आहे आणि वर तिची अब्रू झाकतो आहे, असं मला तेव्हा वाटलं. संत असाच असतो, असंही वाटलं. संतांबरोबर शेजारी राहणं किती अवघड असतं तेही कळलं.

भट्टी मात्र सुरेख झाली. सुरूची लाकडं आत जाळून, निखारे एका कडेला ओढून, ओल्या फडक्याने फरशी पुसून तो ताव बघायचा. ताव बघायची त्यांची पद्धत अशी. इनास उघडा हात भट्टीच्या तोंडात धरी आणि कातरिनआय बाजेवरून मोठ्याने नमो मारियाची प्रार्थना म्हणे. प्रार्थनेच्या मध्यावर हात बाहेर काढावा लागला तर ताव पावाचा. शेवटपर्यंत हात टिकला तर आणखी लाकूड. पहिल्याच शब्दांना चटका बसला तर थांबायचं. तिची म्हणायची गती तीस वर्षं बदलली नव्हती, म्हणून हे चाले. एकदा तिचा घसा बसला तेव्हा त्याने मला म्हणायला सांगितलं. मला ती प्रार्थना येत नव्हती. मी शुभंकरोति म्हटलं, तेही शाळेतल्या घाईने. त्या दिवशीचे पाव कोळसा झाले. कातरिनआय बसक्या घशाने इतकी हसली की तिला ठसका लागला.

आंबवणाची गोष्ट वेगळीच. गावात पाव आणि फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, पिढ्यान्‌पिढ्या ताडीने आंबवत. दारूबंदी आली तशी ताडीही गेली, आणि बंदरावरच्या बायका नाताळच्या फुग्यांचं काय करायचं म्हणून हवालदिल झाल्या. इनासने जुन्या पिठाचा गोळा राखायला सुरुवात केली. रोजच्या मळलेल्या पिठातला मूठभर उद्यासाठी ठेवायचा, तोच आंबवण. पण त्याला सारखी ऊब हवी. ती कुठली आणायची? मडकं फडक्यात गुंडाळून आईच्या कुशीत.

"आय आता भाकड नाय," तो म्हणे. "पीठ उबवते."

म्हातारीने ते मडकं लेकरासारखं सांभाळलं. आता तिला खरोखरच हलता येईना, कारण मडकं सांडलं तर गावाचा नाताळ बुडाला. मला त्यात एक दुष्ट समाधान वाटलं, ते मी लपवत नाही. भांडी सरकल्याचा आवाज कमी झाला. रेशनच्या गव्हाचं पीठ घेऊन बायका परड्यात येत, आपला गोळा त्याच्याकडून मळून भाजून नेत. इनास लांब दांड्याचं लाकडी फावडं आत घाली, बाहेर काढी, आणि प्रत्येकीला तिच्या पावाचा दोष सांगे. मीठ कमी, हात जड, मळताना भांडलीस कुणाशी तरी. त्या वेळी तो देखणा दिसायचा. आणि मधूनच "इनाऽऽस!", "हाय गं आय." बायका हसायच्या. मला हसू येत नसे.

पाचव्या वर्षाच्या थंडीत कातरिनआयची छाती भरली. आता ती खरंच उठू शकत नव्हती. दुपारी शाळा सुटली की मी तिच्याजवळ बसत असे. एका दुपारी इनास परड्यात भट्टी पेटवत होता, ती डोळे मिटून पडलेली. मला वाटलं झोपली. एकाएकी ती म्हणाली, "बाय, तू मना वंगाळ बाई समजतंस."

मी नाही म्हटलं नाही.

"समज. पन ऐक. त्याची रजा सरली तो दिवस. गाडीवाला बाहेर हाका मारते. सगला बंदर त्याला पोचवाला आलेला. ह्यानं ट्रंक उचलली, दारातून एक पाय भायेर टाकला, आन ऱ्हायला तसाच. पाय थरथरत होते त्याचे, बाय. दात वाजत होते. मी मागं उभी होते, मनाच दिसलं. पुढचं पाऊल त्याच्यानं टाकवत नव्हतं."

तिला धाप लागली. मी पाणी दिलं.

"कोल्याचं पोर दर्याला भ्यालं, असं लोकांनी म्हटलं असतं तं त्यानं कुठं जावं? हितं बायकापन होडी वल्हवतात. त्याचा बाप दर्यात गेला, आजा दर्यात गेला. कोनी पोरगी दिली नसती, कोनी हाक मारली नसती. पोरं मागं लागली असती. मंग मी काय करू? मी पडले. तितंच, ओट्यावर. ओरडले, माजे पाय गेले म्हनून. त्यानं ट्रंक टाकली आन मना उचललं. सगले बोलले, आता कसा जाल बिचारा."

परड्यातून लाकूड फुटल्याचा आवाज आला. ती कान देऊन ऐकत राहिली.

"सात वर्सं पडले, बाय. बाजार सोडला. मना बाजाराची लई सय येते. तासाला हाक मारली, का लोकांना ऐकू जावं, आयनं बांदून ठेवलाय म्हनून. त्याला ठाऊक नाय हां. त्याला वाटते तो माज्यासाठी ऱ्हायला. वाटूं दे. तू कदी बोलू नको."

त्याला ठाऊक आहे, त्याने तुझे पाय पाहिले आहेत, असं मी बोलणार होते. मग लक्षात आलं की त्याला ठाऊक आहे ते अर्धंच. आणि मी ते अर्धं हिला दिलं तर हिचे सात वर्षांचे कष्ट तिच्या डोळ्यांदेखत मातीत जातील. मी तिचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मान वर करू शकले नाही.

आठ दिवसांनी ती गेली. तिच्या अंगावर ठेवणीतलं लाल लुगडं घातलं होतं. सगळं पाचूबंदर देवळात लोटलं. प्रत्येक जण इनासचा हात धरून एकच बोलत होता, "आयसाठी जन्म घातलास रे." तो मान खाली घालून ऐकत होता.

तिच्यासाठीचा महिन्याचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाला आणि त्याच आठवड्यात माझी बदलीची चिठ्ठी आली, पार डहाणूकडे. निघायच्या सकाळी इनासने माझं सामान टांग्यात चढवलं. ट्रंक अजून ओट्यावर होती. विचारू नये ते मी विचारलं.

"आता बोटीवर जाणार?"

त्याने तळवे कमरेला पुसले. समोर भरती होती, होड्या निघायच्या गडबडीत होत्या. त्याने तिकडे पाहिलं नाही.

"आता वय झालं, बाय. तवा गेलो असतो. तवा मना कोन अडवत होतं? आयनं अडवलं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ती चालत होती, हे तुमाला ठाऊक हाय, मना ठाऊक हाय. पन मी तिला कदी कलू दिलं नाय. कललं असतं तं तिला तोंड लपवाला जागा नसती ऱ्हायली. मानसानं आपल्या मानसाची लाज राखावी, बाय. माज्या हातून येवढं एक बरं काम झालं. बाकी काय केलं मी?"

मी त्याच्याकडे पाहत होते. चाळिशीतला माणूस, केस कानाशी पांढरे, चेहऱ्यावर कष्टाने मिळवलेलं समाधान. तिने सांगितलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. ते ऐकून कदाचित तो मोकळा झाला असता. कदाचित त्याच्याजवळ जे एकच होतं तेही गेलं असतं. मी मास्तरीण होते, रोज चाळीस मुलांना बरोबर काय आणि चूक काय ते सांगत होते, आणि त्या सकाळी मला काहीच सांगता येईना.

"हो," मी म्हटलं. "फार मोठं काम केलंत."

त्याने खुशीने मान डोलावली आणि टांगेवाल्याला चल म्हणून हात केला.

टांगा सुटला. मागे वळून पाहिलं तेव्हा शेजारचा एक म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काहीतरी म्हणत होता, आणि इनास आईच्या रिकाम्या घरासमोर, दर्याकडे पाठ करून, पोरासारखा लाजून हसत होता.